बळवंताचं शेवटचं निदान

वहिनी, सुभाष, आणि आपापली कामं बंद ठेवून बळवंताच्या या गॅरेजच्या आवारात शोकसभेला जमलेल्या मंडळींनो,

मी बसूनच बोलतो. हात अजून गळ्यात आहे, आणि उभं राहिलं की पायाखालची जमीन वळण घेतेय असं वाटतं. बोलणं तसंही अवघड आहे. माझ्याआधी जे बोलले, त्यांनी बळवंताला देवमाणूस केला. ऐकायला बरं वाटलं. पण तो देवमाणूस नव्हता. देव निदान चारचौघांत कुणाचा अपमान करत नाही.

मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. तुम्ही मला 'कविराज' म्हणता. ते नाव त्यानंच ठेवलं, आणि कौतुकानं ठेवलं नव्हतं. शाळेत मला कविता पाठ असायच्या आणि त्याला छड्या. वृत्तातली ओळ म्हणताना श्वास घ्यायची जागा ठरलेली असते. तिला यती म्हणतात. ती जागा सोडून शब्दाच्या मधेच श्वास तोडला की झाला यतिभंग. बळवंत हटकून तिथंच अडखळायचा, आणि गुरुजी हटकून तिथंच मारायचे. खिडकीबाहेर चिंच हलायची. मी पुढची ओळ म्हणायचो. अजूनही डोळे मिटले की तो वर्ग दिसतो.

पुढं मी कवितेतच राहिलो आणि तो इंजिनात शिरला. नव्वदच्या पुढंमागं कधीतरी त्यानं ती दोन माणसांची उघडी गाडी आणली. लांब नाक, आखूड पाठ, इंजिन पुढं आणि सगळा जोर मागच्या चाकांना. दारात उभी असली की मला वाटायचं, मान पुढं टाकून सांबर निजलंय. तिच्यामुळंच बळवंताचं नाव झालं. असल्या, मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाड्या घेऊन लांबून लांबून लोक यायचे. तक्रार एकच असायची, "वळणावर मागनं सुटती." म्हणजे मागची चाकं घसरतात.

दुसरे मिस्त्री टायरची हवा बघायचे, शॉकॲब्सॉर्बर बदलायचे, चाकांची अलाइनमेंट करायचे. बळवंत शेजारच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. "पाय दाबल्यावर सुटती, का उचलल्यावर?"

दाबल्यावर सुटली तर दोष गाडीत शोधायचा. उचलल्यावर सुटली तर आधी माणसात. ऐन वळणात घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी पुढं यायला बघते. हल्लीच्या छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात. त्यांच्यात ही भीती बरीचशी खपून जाते. हिच्यात खपत नाही. पाय वळणाआधी उचलायचा. वळणात नाही. वळणात कधीच नाही.

याला त्यानं नाव दिलं यतिभंग. गुरुजींच्या छड्या त्यानं अशा वसूल केल्या. वृत्त कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, ते मिस्त्री ग्रीसच्या हातांनी गिऱ्हाइकाला सांगायचे, "सायेब, तुमचा येतीभंग हुतोय." मला सांगा, दुसऱ्या कुठल्या गावात गॅरेजमध्ये अशी भाषा ऐकू येते? मी या कट्ट्यावर बसून खूश व्हायचो.

पण ज्यांना ते ऐकून घ्यावं लागायचं, त्यांना विचारा. मोठ्या गाडीत मागं बायकोला बसवून आलेले उचगावचे ते व्यापारी आठवतात? बळवंत गाडीतून उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं, गाडीला काय झालं न्हाय. तुमच्या पायाला पळायची सवय हाय."

"आवो, हळू बोला की. मंडळी बसल्यात गाडीत."

"मग त्यास्नीच चालवू द्या की! पाय तरी जाग्यावर ऱ्हाईल."

गॅरेज हसलं. त्या बाईंनी काच वर केली.

आणि हा सुभाष. राधानगरीच्या रस्त्यावर एकदा याचा पाय उचलला गेला. गाडी गर्रकन फिरून उसाच्या कडेला थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गॅरेजात आल्यावर बापानं काय केलं? भरल्या गिऱ्हाइकांत मुलाला मागच्या चाकाच्या पाया पडायला लावलं. "टेकीव डोस्कं. माफी माग तिची." लग्न झालेला माणूस हा. यानं डोकं टेकलं. उठला तेव्हा कपाळ काळं झालं होतं. पुसायला लागला, तर बाप म्हणतो, "ऱ्हाऊ दे. शोभतंय." गॅरेज पुन्हा हसलं.

आता त्या सकाळचं सांगतो. आम्ही दोघं त्याच उघड्या गाडीतून जोतिबाला गेलतो. मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर सुभाषनं नुकतेच नवे घातले होते. चढताना बळवंत खुशीत होता. मला म्हणाला, "पोरानं काम झ्याक केलंय. पर त्याला सांगू नगो. शेफारंल." चाळिशीचा माणूस शेफारणार होता!

उतरताना डाव्या वळणावर समोरून गुलालानं माखलेल्या माणसांचा टेम्पो आला. आपल्या बाजूनं, हळू, नीट. बळवंत दचकला आणि त्याचा पाय उचलला गेला. मी पाहिला. मी शेजारीच होतो. टेम्पो कसाबसा निसटला, आमची शेपटी फिरली आणि गाडीची बळवंताकडची बाजू पलीकडच्या कठड्यावर आदळली.

धूळ खाली बसत होती. तो अगदी हळू म्हणाला, "कविराज, येतीभंग झाला लगा."

मग दवाखाना. आत माझा हात बसवत होते, तेव्हा बाहेर स्ट्रेचरवरून आपल्या भावांसमोर, आल्यागेल्यांसमोर त्यानं दुसरं निदान केलं. "मागचं सैल हुतं. पोरानं घातल्यालं." आणि संध्याकाळी गेला. ज्याचं निदान आयुष्यात चुकलं नाही, त्याचा हा शेवटचा शब्द. तो कोण तपासणार?

तुम्ही तपासला नाही. तुम्ही तो चहाच्या गाड्यावर नेलात. "बापाला खाल्लं लेकानं." "डोस्कं टेकायला लावल्यालं न्हवं, सूड उगवला." मुलगा समोर उभा असताना अग्नीचं मडकं पुतण्याच्या हातात दिलंत. ती मोडकी गाडी त्या शेडमध्ये पडली आहे. मागचं सगळं काम जसंच्या तसं शाबूत आहे. इथं इतके मिस्त्री बसलेत, एकालाही वाकून बघावंसं वाटलं नाही? वहिनी, राग मानू नका, पण तुम्हीही त्याच्याशी एक शब्द बोललेला नाहीत.

बळवंताचं ते निदान चुकलेलं नव्हतं, मंडळी. ते खोटं होतं.

घाबरणं हा काही गुन्हा नाही. मीही घाबरलो होतो. पण जन्मभर दुसऱ्याच्या भीतीवर हसलेल्या माणसाला स्वतःची भीती घेऊन मरता आलं नाही. त्यानं ती मुलाच्या अंगावर टाकली आणि डोळे मिटले. कितीही जिवलग असला, तरी हे मी झाकणार नाही. आणि जिवलग तो होता. आता माझ्या कवितांना नावं ठेवणारंसुद्धा कुणी राहिलं नाही.

सुभाष, चपलांपाशी काय बसलास? ऊठ. इकडं ये, आईशेजारी. वहिनी, थोडं सरका. सरका की वहिनी. हां.

आता सगळे उभे राहा. मलाही कुणीतरी हात द्या. बळवंतासाठी आपण मौन पाळू. दोन मिनिटांनी खाली बसा, घरी जा, काय बोलायचं ते बोला. फक्त याचं नाव जिभेवर आलं, तर मौन अजून संपलेलं नाही असं समजा.