उंदरांचा लेख

डोळ्यांच्या दवाखान्याबाहेर माझ्याच बाकावर दुधनीकडची एक बाई बसली होती. मांडीवर डोळ्यांना पट्टी बांधलेली लेक, आणि पुढ्यात पुण्याच्या कॉलेजातून आलेला तिचा मुलगा उभा.

"सिद्धाप्पा, डागदर म्हनतो बाळीची नजर परत येत न्हाय. पोरीला तूपलोणी मिळालं न्हाय म्हनं. तेवढ्यानं डोळं जात्यात व्हय रं?"

"जात्यात, अव्वा."

"तुला कसं ठावं?"

"आमचे मास्तर पुस्तकातनं शिकवत न्हाईत. इलायतेच्या मासिकातला एकेक लेख देत्यात आन् वर्गात उभं करून समजावून सांगाय लावत्यात. मला उंदरांचा आला हुता. लोणी बंद केलं, तसे उंदरांचे डोळे गेले."

"कवा सांगितलास?"

"दिवाळीच्या आदी. मास्तर लई खूश झाले."

"तवा बाळीला दिसत हुतं की."

"व्हय."

"आन् मी घरातलं समदं तूप तुला धाडत हुते. पोचत हुतं न्हवं?"

"पोचत हुतं."

"मग एक कार्ड टाकायचं हुतंस, लेकरा."

"लेख उंदरांचा हुता, अव्वा."

"दादा, त्या उंदरांना मागनं लोणी दिलं का रं?"

"दिलं, बाळे. निम्म्यांना दिलं."