शेवटचं प्रकरण राहिलं

(मालवणजवळच्या एका गावातलं वाचनालय. दुपारचे चार. ग्रंथपाल विनीताच्या टेबलावर वाचकांच्या अभिप्रायाची वही उघडी.)

मथुरा : लिही, हसूक बरा येता. तेच्या खाली लिही, सांजेचा मोठ्यान वाचू नये.

विनीता : मथुराकाकी, असं कसं लिहू? भुतांच्या गमतीजमतींची कादंबरी आहे ही. लोक ही वही बघूनच पुस्तक निवडतात.

मथुरा : मग गमतीचा लिही. उलट्या पायांचो भूत सावंतवाडीक चपला घेवक जाता. दुकानदार सांगता, चार पावला चालान दाखवा. तर तो रस्त्यार येवच्या बदली मागल्या भिंतीतसून थेट गोदामात. मी हसान हसान डोळे पुसलंय. भुतांची ग्रामसभा पण बरी आसा. माणसा आता भियत नाय, म्हणान अर्ज करतत.

विनीता : हे लिहिते. आणि पुस्तक परत घेऊ ना? खूण तर शेवटच्या प्रकरणाला दिसते.

मथुरा : ता रवला. रवांदे. घे तू पुस्तक. नायतर दिव्या उद्या सकाळी चेडवाक, माझ्या नातीक, घेवन शिरोड्याक म्हायेराक जातली. पिशये भरून ठेवल्यान.

विनीता : सून घर सोडून निघाली? एका पुस्तकापायी?

मथुरा : चूक माझी. माका अक्षरा तिनाच शिकवल्यान, बासष्टाव्या वर्साक. सासूक पोथी वाचूक येवक होयी म्हणान. पण माका मनात वाचूक येणा नाय. बोट ठेवचा, मोठ्यान म्हणाचा, मगे अर्थ लागता. आणि पोथी वाचताना समोर एक रिकामो पाट मांडूची आमच्या घरात रीत. रामायण वाचतत तेव्हा मारुती येवन बसता म्हणतत ना, तसो. मी ह्या पुस्तकाकय तसाच केलंय. दिवो लावलंय, पाट मांडलंय, वाचूक बसलंय.

विनीता : भुतांच्या पुस्तकासमोर पाट मांडलात तुम्ही?

मथुरा : माका पोथी सोडून दुसरा वाचन खंय म्हायत? तूच दिलंस. म्हणालंस, अक्षर मोठा आसा, काकी, न्या.

विनीता : मग?

मथुरा : तिसऱ्या सांजेक कोणतरी हसला.

विनीता : शेजारी टीव्ही लावला असेल.

मथुरा : माकाय तसाच वाटला. पण माझा वाचन म्हणजे किनाऱ्याच्या रेवेरसून होडी ओढूची. मी एकेक अक्षर लावतंय, विनोद अजून पुढच्या ओळीत आसा, आणि हसू आधीच इला. पाटाच्या बाजूसून. फुडच्या सांजेक परत तसाच. खंय हसाचा, ता तेका माझ्या आधी म्हायत.

विनीता : दिव्यानंही ऐकलं?

मथुरा : ऐकल्यान काय नाय, ता सांगीत नाय. पण तिना पाट बघल्यान. सकाळी भिजलेलो गावता. उन्हात ठेवलो काय वर पांढरा उमटता. तिना बोट लावन चाखल्यान. मीठ. मगे माळ्यारसून पिशये काढल्यान.

विनीता : काकी, तुम्हाला कोण वाटतं?

मथुरा : वाटाचा कित्याक? माझो झील तो, यतीन. तीन वर्सा झाली. होडी गावली, तो नाय गावलो. हसता हसता मधीच श्वास आत ओढूची तेची खोड, पाळण्यात होतो तेव्हापासून. आवशीक कळाचा नाय काय?

विनीता : म्हणून शेवटचं प्रकरण वाचलं नाहीत.

मथुरा : पोथीची समाप्ती झाली काय ऐकणारो उठता. प्रसाद घेता नि जाता. चार सांजे मी मागचीच पाना परत परत वाचलंय. तोय परत परत हसता. पण चेडू आता पडवीत येणा नाय. सात वर्साचा पोर, बापाच्या घरात भियता. ता बरा नाय. घे पुस्तक.

विनीता : थांबा जरा. मी इथं गेल्या वर्षी आले, जुने अभिप्राय कधी वाचलेच नाहीत. ह्या पुस्तकाचा नंबर एकशे बारा. एकशे बारा… हा एक आहे. अक्षर तिरकं आहे जरा.

मथुरा : माका हातान लिवलेला वाचूक येणा नाय. तू वाच.

विनीता : 'पोट दुखेपर्यंत हसलो. आईला वाचून दाखवायला पाहिजे. उद्या होडीवर जायचंय, भिजायला नको म्हणून परत करतो. शेवटचं प्रकरण राहिलं. आल्यावर नेणार.'

मथुरा : खाली नाव?

विनीता : यतीन.

मथुरा : ता शेवटचा परत वाच.

विनीता : 'शेवटचं प्रकरण राहिलं. आल्यावर नेणार.'

मथुरा : म्हणजे ता प्रकरण तेका म्हायत नाय.

विनीता : नाही काकी. पुस्तक न्यायला तो परत आलाच नाही.

मथुरा : दी ता पुस्तक हडे.

विनीता : आणि दिव्या?

मथुरा : तिकाय बाजूक बसयतंय. तिचो घोव तो. सांगतंय, आजची एकच सांज. वाचून झाला काय गूळ-खोबरा ठेवतंय, पाट धुवन माळ्यार टाकतंय. उद्या पुस्तक तुझ्या टेबलार.

विनीता : अभिप्राय अर्धाच राहिलाय.

मथुरा : उद्या पुरो करू. इतके दिवस तो माझ्या आधी हसलो. आज तेका थांबूचा लागतला, माझा अक्षर लागापर्यंत.