लाभ, दोन, तीन

हणमंतराव : बसा की मेडम, उभ्याउभ्या काय बोलायचं. स्टूल पुसून दिलंय. पण खरं सांगतो, नातीपुढं माझं काही चालत नाही. उद्या कॉमर्स घेते म्हणाली, मी म्हणालो, सरी, घे.

सुचेता : काका, विषयांचं कॉम्बिनेशन बदलायची उद्या शेवटची तारीख आहे. एकदा बदललं की पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षं तेच. म्हणून फोनबिन न करता सरळ तुमच्या दुकानात आले. चार दिवस फिजिक्सच्या तासाला तिची जागा रिकामी आहे. आहे का ती?

हणमंतराव : मागं तांदूळ काढतेय. रक्षिता, बाहेर ये गं, तुझ्या फिजिक्सच्या मेडम आल्यात.

रक्षिता : नमस्ते मॅम. सॉरी, हात पांढरे झालेत.

सुचेता : असू देत. आणि घाबरू नकोस, मी रागवायला आलेली नाही.

रक्षिता : मॅम, मला फिजिक्स जमत नाही. वेळेवर कळलं ते बरंच झालं.

हणमंतराव : ऐका आता. शाळेत असताना आमचा जुना तराजू सुटा करून बसायची, काटा मधे का थांबतो म्हणून माझं डोकं खायची. सगळ्या गल्लीला मी सांगत सुटलो, माझी नात सायन्स घेणार. आणि आता म्हणे जमत नाही.

सुचेता : आत्ता कुठं तीन आठवडे होताहेत. आपण अजून मोजमापातच आहोत. काय जमलं नाही?

रक्षिता : पेंडुलम. सगळ्यांचा जी नऊ पॉइंट आठ आला. माझा दहा पॉइंट आठ.

हणमंतराव : हा जी कोण बाबा?

रक्षिता : पृथ्वी वस्तूला किती ओढते त्याचा आकडा असतो, आजोबा. सगळीकडे जवळजवळ तोच यायला पाहिजे. दोऱ्याला गोळी बांधायची, झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती वेळ लागला ते बघायचं आणि त्यावरून काढायचा. मी तीनदा केलं, तिन्हीदा दहा पॉइंट आठ. माझ्या शेजारचा शार्दूल म्हणाला, वेडी आहेस का, नऊ पॉइंट आठ लिही आणि चल, बस जाईल. मी नाही लिहिलं. मग लॅबमधले सर सगळ्यांसमोर म्हणाले, ही पोरगी दुसऱ्या ग्रहावरून आलीय. अजून मुलं मला तेच म्हणतात.

सुचेता : मी तेव्हा लॅबमध्ये नव्हते. कागद नंतर माझ्याकडे आले. तुझी दोऱ्याची लांबी बरोबर आहे, हिशेबही बरोबर आहे. मग चुकलं कुठं, तेच मला कळेना. डोक्यातून जाईना म्हणून तुलाच विचारायला आले.

रक्षिता : मला कळलं असतं तर सोडलं असतं का मॅम.

हणमंतराव : तुम्ही बोला, पण हात चालू दे गं. देवळातून भीमाचार्य येतीलच. मेडम, स्वल्प थांबा हं. बाकी सगळं आम्ही इलेक्ट्रॉनिक काट्यावर देतो, पण देवळाच्या अन्नदानाचे तांदूळ तेवढे शेराच्या मापानं मोजायचे. वडलांपासूनची रीत आहे आमची.

रक्षिता : लाभ. दोन. तीन. चार. पाच...

सुचेता : थांब, थांब. एक कुठं गेला?

हणमंतराव : धान्य मोजताना पहिल्या मापाला एक नाही म्हणत, लाभ म्हणतात. घरात लाभ व्हावा म्हणून. तुमच्या पुण्यात नाही का?

सुचेता : पुण्यात मी तांदूळ पिशवीतलेच बघितले काका. रक्षिता, लॅबमध्येही अशीच मोजतेस?

रक्षिता : मनातल्या मनात. लहानपणापासून तोंडात तेच बसलंय. पण त्यानं काय फरक पडतो? लाभ म्हणजे एकच की.

सुचेता : काहीच नाही पडत. फक्त मला सांग, लाभ कधी म्हणतेस?

रक्षिता : गोळी सोडली, स्टॉपवॉच दाबलं, की लाभ.

सुचेता : सोडतानाच?

रक्षिता : हो.

सुचेता : आणि तेव्हा किती झोके झालेले असतात?

रक्षिता : एकही... अगं बाई.

सुचेता : सोडताना शून्य म्हणायचं.

हणमंतराव : छे छे मेडम, दिवेलागणीच्या वेळी दुकानात शून्याचं नाव नको.

रक्षिता : नकोच म्हणायला, आजोबा. रिकामं माप हातात धरून आपण लाभ म्हणतो का? भरून पोत्यात ओतलं की म्हणतो. मी तिथं रिकाम्या मापालाच लाभ म्हणत बसले. झोका जाऊन परत आला की मग लाभ. म्हणजे मी वीस म्हणाले तेव्हा एकोणीसच झाले होते. मॅम, तुमचा मोबाइल द्या ना, माझा चार्जिंगला आहे.

(रक्षिता पाठ फिरवून हिशेब करते. हणमंतराव शेजारच्या हॉटेलात तीन चहा सांगून येतात.)

रक्षिता : नऊ पॉइंट सात पाच.

सुचेता : बघू. हो, बरोबर.

रक्षिता : पण नऊ पॉइंट आठ नाही आलं.

सुचेता : एवढं इकडंतिकडं होणारच. दोरा असतो, हात असतो, बोट बटणावर उशिरा पडतं. अख्ख्या वर्गाचं अगदी एकसारखं नऊ पॉइंट आठ बघून मी रडायचीच बाकी राहिले होते. पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतेय, दिसेल तेच लिहा. घरी नवऱ्याला, श्रीरंगला म्हणालेसुद्धा, मला नाही जमणार हे शिकवणं, सोडते मी नोकरी. मग तुझा कागद हातात आला. वर्गात कुणीतरी माझं ऐकत होतं, रक्षिता. चूक शोधायला आले हे खरं, पण त्याआधी मला तुला थँक्यू म्हणायचं होतं.

रक्षिता : मला? मॅम, तुम्ही नका हो असं म्हणू.

सुचेता : का नको? आता दोन्ही आकडे कागदावर ठेव, आणि मधे काय झालं ते लिही. सोमवारी तूच वर्गाला सांग.

रक्षिता : लाभाचं सांगितलं तर हसतील सगळे.

सुचेता : हसू देत. मग शार्दूलला म्हणावं, तुझं नऊ पॉइंट आठ कसं आलं ते जरा करून दाखव.

रक्षिता : बिचारा. त्याला घामच फुटेल. मॅम, उद्या पहिला तास तुमचाच ना?

सुचेता : माझाच. थिअरी आहे.

रक्षिता : येते मी.

हणमंतराव : आणि ते कॉमर्स?

रक्षिता : राहू दे ते, आजोबा.

हणमंतराव : सरी. चहा घ्या मेडम, निवतोय. तुमचे फार उपकार झाले. हिचा बाप, माझा उमाकांत, आठवीत फळ्यावर गणित चुकला म्हणून मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं. तो काही परत शाळेत गेला नाही. आता के. आर. पुरमला मालाचं गोदाम बघतो. चांगलं चाललंय, तक्रार नाही. पण तेव्हा आमच्या दारात कुणी आलं नाही हो. त्या दिवशी त्याचं काय चुकलं होतं, ते त्याला अजून ठाऊक नाही.