माझ्याकडे बघायचं नाही

अगं, तिथे नको बसूस, ती खुर्ची पेशंटची. तू इकडे, त्यांच्या समोर. आणि मी इथे मागे, तुझ्या खांद्याशी — मी दिसायला नको, नुसती ऐकू यायला हवी. नर्सिंगचं दुसरं वर्ष ना तुझं? आणि वॉर्डाऐवजी या नेपाळी मंडळाच्या हॉलात प्लेसमेंट दिली म्हणून तोंड पाडून आलीयस. सगळ्या तशाच येतात, जाताना मात्र रडतात. इथे सगळी म्हातारी माणसं, मुलांच्या मागे देश सोडून आलेली — नेपाळीशिवाय दुसरी भाषा नाही, दवाखान्याची पायरी चढायची म्हटलं की अंगावर काटा. म्हणून तुम्हीच यायचं त्यांच्याकडे. तू विचारायचंस, मी नेपाळीत सांगायचं, आणि ते बोलतील ते मी तुला सांगायचं. यात अवघड काय आहे? काहीच नाही.

म्हणजे, एक गोष्ट आहे. 'ते असं म्हणतात' असं मी म्हणत नाही. दुभाष्याचा नियमच आहे तो — ते 'माझं' म्हणाले की मीही 'माझं' म्हणायचं. तेव्हा तू माझ्याकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. मागे एक पोरगी होती, तिच्यासमोर आमचे फौजी आजोबा बोलतायत आणि मी आपली सांगतेय, 'दाढी करताना माझा हात थरथरतो' — तर ही बया वळून मलाच विचारते, 'ताई, कधीपासून होतंय हे?' अख्खा हॉल हसला! आजोबाही हसले, कळलं काही नव्हतं तरी.

हास, हास. पण दिवसभर दुसऱ्यांची दुखणी 'माझी, माझी' म्हणत तोंडातून काढायची आणि मग घरी जाऊन भांडी घासायची — जात नाहीत गं ती. नवरा बाहेरून विचारतो, 'स्वयंपाकघरात कोण बोलतंय?' कोणी नाही म्हणते मी. पण असतं ना कोणीतरी. स्वेटरवाली आजी असते.

त्या खिडकीखाली बसायची ती. कायम विणत. तुम्हा मुलींचे हात गार म्हणून करवादायची — आधी चहाचा पेला धरायला लावायची, मगच अंगाला हात लावू द्यायची. एकदा तुझ्यासारखीच एक पोरगी तिचं ब्लडप्रेशर बघत असताना तिच्या सुया थांबल्या, आणि खाली बघतच मला म्हणाली, 'माझ्या छातीत गाठ आहे. हिला सांगू नको.' आता खोलीत बोललेलं सगळं सांगायचं, हाही नियमच. मी दोन्ही वाक्यं सांगितली — 'माझ्या छातीत गाठ आहे, हिला सांगू नको.' पोरगी पांढरीफटक पडली. पण शहाणी निघाली, हाताला धरून नेलं तिने आजीला डॉक्टरांकडे. उशीर झाला होता. आजीला फार आधीच कळलं होतं, लेकाला त्रास नको म्हणून गप्प बसलेली — आणि गेली. अर्धा स्वेटर त्या कपाटात आहे अजून, टाकवत नाही कोणाला.

माझं काही चुकलं नाही. सगळे तेच म्हणाले, मीही तेच म्हणते. पण ते वाक्य त्या खोलीत माझ्या आवाजात बोललं गेलं ना? आता ती येते ती माझाच आवाज घेऊन येते. भांडी घासताना येते. हल्ली आंघोळीलाही येते. साबण लावताना हात इथे, काखेखाली जातो, तिथे अडतो — आणि ही लगेच कानाशी, 'हिला सांगू नको.' भीती वाटते गं मला. अगं, पण हिला म्हणजे कोणाला? घरात नवरा आणि मुलगा, 'हिला' म्हणावं असं आहे कोण माझ्याकडे? सकाळी तू दारातून आत आलीस, निळा युनिफॉर्म, खांद्याला पिशवी — तेव्हा पुन्हा बोलली ती. हिला सांगू नको.

खुर्चीकडे काय बघतेस? खुर्चीत कोणी नाहीये. माणसं यायला वेळ आहे अजून. हे मी कोणाचं सांगत नाहीये तुला, हे माझं आहे. माझ्या छातीत गाठ आहे.

आज माझ्याकडे बघ.

नाही, काही बोलू नकोस. तिकडे किटली आहे, जा, आधी चहाचा पेला धर. गार हात घेऊन येऊ नकोस.