निळा स्वेटर

दातांच्या डॉक्टरकडे निवृत्त पोस्टमास्तर डोळे मिटून शेजारच्या बहीणभावाचं बोलणं ऐकत होते.

“आईला ज्येष्ठनिवासात करमतंय का रे?”

“न करमायला काय झालं, ताई? घरी गुडघे धरून बसायची, तिथे स्वेटर विणते. गेल्या महिन्यात माझ्या छातीचं माप घेतलं.”

“मजा आहे बाबा तुझी. मला साधा रुमालही नाही.”

“ऐक तर. तो स्वेटर काल तिच्या शेजारणीच्या मुलाच्या अंगात होता.”

पोस्टमास्तरांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्याला पुढे धाडलं.

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, तुझ्याच अंगलटीचा आहे तो, पण दर रविवारी येतो.”

“मग तूही जात जा.”

“या रविवारी जाणारच आहे. त्याला बाह्या आखूड होतात का, बघायचंय.”

“नाही व्हायच्या. माप तुझंच आहे.”