पुढच्या दोन रांगा

अरवा : आणि हा अकरावा फोटो. नीट बघा ना काका. चष्मा लावा.

सादोक : चष्मा लावूनच बघतोय. माझ्याच खुर्च्या आहेत या. या सभागृहात एकोणीस वर्षं मीच झटकतोय, मला नाही ओळखू येणार?

अरवा : खुर्च्यांवर कोण दिसतंय?

सादोक : पाण्याच्या बाटल्या दिसतायत. कागदी रुमालांचे डबे दिसतायत. नावाच्या पाट्या दिसतायत.

अरवा : आणि माणूस?

सादोक : माणूस नाही. पण हे फोटो तुझ्या मोबाइलवर आले कुठून?

अरवा : कुलसचिवांच्या कचेरीत अर्ज द्यायला गेले होते. फाईल टेबलावर उघडी होती, मोबाइलवर टिपून घेतली. अकरा गुरुवारांचे अकरा फोटो, आणि खाली लिहिलंय, 'सार्वजनिक व्याख्यानमालेस प्रतिसाद नाही. बंद करावी.' शनिवारी बैठक आहे.

सादोक : प्रतिसाद नाही? गेल्या गुरुवारी मागे पोरं पायऱ्यांवर बसली होती. दार लागेना मला.

अरवा : ती फोटोत कुठायत? फोटोवाला पहिल्या दहा मिनिटांत येतो, व्यासपीठापाशी उभा राहून पुढच्या दोन रांगा टिपतो आणि चालता होतो.

सादोक : त्याला तसंच सांगितलंय. मोठी माणसं फोटोत यायला हवीत ना.

अरवा : येतात मोठी माणसं?

सादोक : येतील म्हणून तर जागा राखायची. राज्यपालांच्या कचेरीला पत्र जातं, अधिष्ठात्यांना जातं, नगराध्यक्षांना जातं.

अरवा : शेवटचं कोण आलं होतं?

सादोक : एक उपमंत्री आले होते. तेव्हा माझे केस काळे होते.

अरवा : मग आज पाट्या उचला आणि पोरांना पुढे बसवा. फोटो आपोआप भरेल.

सादोक : पाट्या उचला म्हणे. तुला काय जातंय बोलायला? सुरुवातीला एकदा एका पोराला बसू दिलं होतं मी पुढे. पायाला प्लास्टर होतं बिचाऱ्याच्या. भर सभागृहात मला बोलणी खावी लागली. तेव्हापासून कानाला खडा. खुर्ची रिकामी राहिली तर सादोकला कुणी काही बोलत नाही, भरली की बोलतात. निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे. सुखानं घरी जाऊ दे मला.

अरवा : ठीक आहे.

सादोक : आता तोंड पाडून बसू नकोस. माला बंद झाली तर तुझं काय अडतं? तुझे वर्ग आहेत, पुस्तकं आहेत.

अरवा : मी इथे पहिल्यांदा कशी आले ठाऊक आहे?

सादोक : ऐकायला आली असशील.

अरवा : कसलं ऐकायला? गावाकडे जाणारी नाबुलची टॅक्सी भरत नव्हती, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि तुमच्या सभागृहात गारवा होता. तेव्हा मी कायदा शिकत होते, तोही मामा म्हणाला म्हणून. मागे बसून एक डुलकी काढावी म्हटलं. तर समोर एक बाई सांगतायत, किनाऱ्याजवळच्या विहिरी फार उपसल्या की जमिनीखालून समुद्र आत येतो.

सादोक : डॉक्टर नजला. आज त्याच बोलणार आहेत.

अरवा : माहीत आहे. काका, आमच्या किनाऱ्यालगतच्या कोरब्याच्या शेतात तीन वर्षं मिरच्या जळत होत्या. बाबा म्हणायचे, नजर लागली. नजर उतरावी म्हणून विहिरीवर माशाचं शेपूट टांगलं होतं त्यांनी. चुलत्यानंच नजर लावली म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. सख्ख्या भावाशी. आणि इथे बसल्या बसल्या मला कळलं, की आमची विहीर खारट झालीय. मी उठून विचारलं. पोरं हसत होती. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी त्या विहिरीचं पाणी घेऊन ये.

सादोक : थांब. ती बाटलीवाली तू? मी अडवलं होतं तुला दारात. आत पाणी न्यायचं नाही म्हणून.

अरवा : आणि मी म्हटलं, हे प्यायचं नाही, दाखवायचंय.

सादोक : चांगली भांडली होतीस. मग, बाबांचं काय झालं?

अरवा : शेपूट उतरवलं आणि भावाच्या घरी गेले. किती वेळ दोघं नुसते रडले. मी कायदा सोडला, भूजल घेतलं. वर्गात कुणी मला विचारलं असतं का, तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे म्हणून? तिथे परीक्षेतले प्रश्न. आपला प्रश्न विचारायला ही एकच जागा आहे काका, आणि ती शनिवारी जाणार.

सादोक : माझंही एक सांगतो, हसू नकोस. भूकंपावरचं व्याख्यान झालं ना, त्याच आठवड्यात मी घरातलं कपाट भिंतीला ठोकून घेतलं. बायको म्हणाली, खूळ लागलंय. मधमाश्या, जुनी नाणी, चंद्र, सगळं ऐकलंय मी. एक गुरुवार चुकवला नाही.

अरवा : बसून?

सादोक : उभ्यानं, दाराशी. गेल्या वेळी एका पोरानं माझं स्टूलही पळवलं. हळू आवाजात बोलणारे असले की कान टवकारावे लागतात, एवढंच.

अरवा : चार वाजायला आले. पोरं जमलीत बाहेर.

सादोक : दिसतायत. सगळी सवयीनं मागेच पळतील. तू पुढे थांब आणि एकेकाला ओढून आण. पाट्या ठेवायला ती टोपली दे इकडे.

अरवा : मी उचलते ना पाट्या.

सादोक : हात लावू नकोस. उद्या कुणी विचारलं तर सादोकनं उचलल्या म्हणायचं.

(व्याख्यान सुरू होऊन पाच मिनिटं झाली आहेत. दाराशी, दबक्या आवाजात.)

कुलसचिव : सादोक.

सादोक : या साहेब. आज तुम्ही स्वतः?

कुलसचिव : शनिवारी सही करायची आहे. एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावं म्हटलं. माझी जागा... हे पुढे कोण बसलं आहे?

सादोक : विद्यार्थी, साहेब.

कुलसचिव : राज्यपालांच्या खुर्चीत? पाट्या कुणी काढल्या?

सादोक : मी.

कुलसचिव : कुणाच्या सांगण्यावरून?

सादोक : कुणाच्याच नाही. ही सगळी मागे बसायची, साहेब. तुमच्या फोटोत यायची नाहीत.

अरवा : साहेब, तुम्ही पुढे या. मी उठते. म्हणत असाल तर सगळेच उठतो.

सादोक : तू कशाला आलीस इकडे? जा, जागेवर बस. बस म्हणतो ना. बाई विहिरीवरच बोलतायत, तुझं चुकेल. साहेब, माफ करा, पुढे जागा नाही. भिंतीपाशी माझं स्टूल आहे, पुसलेलं आहे. डावा पाय जरा हलतो, जपून बसा.

कुलसचिव : इतक्या मागून ऐकू येतं?

सादोक : एकोणीस वर्षं येतंय, साहेब.