हद्दीवरची डोली

त्रिंबकपंत : डोली का टेकवलीत रे? आत्ता तर ओढ्यावर पाणी प्यायलात.

देवराम : टेकवली नाय पंत, ठेवली. हा बघा दगड. आपल्या साखरशेत गावाची हद्द संपली.

त्रिंबकपंत : बरं मग?

देवराम : मग पुढच्या पाड्याचे येतील, ते उचलतील. गावची वेठ गावच्या हद्दीपर्यंत. तुमीच सांगता चावडीवर, ओरडून ओरडून.

त्रिंबकपंत : कुठे आहेत ते?

नवशा : दिसत नायत.

त्रिंबकपंत : दिसत नाहीत ते मलाही कळतंय, नवशा! डोळे शाबूत आहेत माझे, पायाचीच बोंब आहे. नारूचा दोरा अर्धा बाहेर आलाय, तुटला तर पाय जाईल म्हणालाय वैद्य. आणि तुम्ही मला भर उन्हात खडकावर आणून ठेवता. डोक्यावर छत्री नाही, पाठीला तक्क्या नाही. काय ही गैरसोय!

देवराम : नवशा, ऐकलास? गैरसोय. तक्क्या नसला की गैरसोय म्हणायचं.

त्रिंबकपंत : चेष्टा करतोस माझी? उचल दांडा. जव्हारला ऊन उतरायच्या आत पोचायचंय. इथे बसून माझा खोळंबा करू नकोस.

देवराम : खोळंबा कामाचा होतो ना पंत? लिहिणं राहिलं, गाडी राहिली, तर खोळंबा. घरात कोण मरत असेल तर खोळंबा म्हणत नायत.

त्रिंबकपंत : तुला कसं कळलं घरचं?

देवराम : निरोप्या आमच्याच अंगणात पाणी प्यायला. तुमची आई चाललीये म्हणाला.

त्रिंबकपंत : मग कळून सवरून बसलास इथे? आणि हे शब्द कुठून शिकलास, खोळंबा नि गैरसोय?

देवराम : तुमीच शिकवलेत. याच डोलीत बसून.

त्रिंबकपंत : मी? कधी?

देवराम : मोखाड्याच्या लग्नाला निघाला होतात तेव्हा. नाचणी कापायला आली होती. त्या अंगाच्या हद्दीवर पण असाच दगड हाय. तिथं डोली ठेवली, पुढचे आले नव्हते. तुमी म्हणालात, चला तसेच, मुहूर्त चुकेल.

त्रिंबकपंत : म्हटलं असेन. वर्षाला किती फेऱ्या होतात माझ्या, सगळं कसं ध्यानात राहील?

देवराम : मना राहिलंय. मी हात जोडले. म्हटलं, पंत, घरी अडचण हाय, मना सोडा. पोर आडवं आलंय.

नवशा : मी घरीच होतो तवा. बाहेरच्या ओटीवर.

देवराम : तुमी हसलात. म्हणालात, अरे, अडचण म्हणजे वाटेतला धोंडा, सरकवला की वाट मोकळी. सुईण बसलीये ना घरी? मग ती सरकवेल. संकट असतं तर तू असा उभा राहून बोलला असतास का? भाषा शीक जरा.

त्रिंबकपंत : देवराम...

देवराम : शिकलो ना. मोखाड्यापर्यंत शिकवत गेलात. पान खात होतात नि सांगत होतात. दोन पाहुणे नि एक पाट, ती पंचाईत. डोकं दुखलं तर त्रास. देवाच्या कामात आडवं आलं तर विघ्न. जिवावर बेतलं, की मगच संकट. माझ्या खांद्यावर दांडा होता, मी सगळं ऐकत होतो. मना तर एकच शब्द ठावा होता, पंत. काटा मोडला तरी अडचण नि वाघ आला तरी अडचण. मोठ्या माणसासमोर तेवढंच बोलायचं, असं आमाला बापानं सांगितलेलं.

त्रिंबकपंत : मला माहीत नव्हतं रे, ती जाईल म्हणून.

देवराम : माहीत करून घ्यायचं होतं कुठं? लग्न लागल्यावर पण सोडलं नाय. परतीला डोली कोण नेणार, म्हणालात. मांडवाच्या मागं बसवून ठेवलंत. घरी आलो तर अंगण सारवलेलं. सगळं उरकलं होतं.

त्रिंबकपंत : चुकलं माझं. ऐकलंस? मी, त्रिंबक, म्हणतोय चुकलं. आता उचल बाबा. वेठीतून तुझं नाव काढतो. तुझ्या घरातल्या कुणालाच कधी बोलावणं येणार नाही.

देवराम : माझ्या घरात आता कोण हाय बोलवायला?

त्रिंबकपंत : हे बघ, मी दरबारात उभा करीन तुला! फटके खाशील.

देवराम : करा की उभा. काय सांगाल? देवराम हद्दीवर थांबला? रीतच हाय ती. डोली टाकली नाय, पाडली नाय, अलगद ठेवली.

नवशा : दाजी, इकडं ये जरा. म्हातारीनं काय केलंय आपलं?

देवराम : गौरानं काय केलं होतं त्याचं? तुझी भन होती ना रे ती? पाठची भन.

नवशा : होती. म्हणून तर म्हणतो. त्यानं तुला तिचं तोंड बघू दिलं नाय, तसं आपण कशाला...

देवराम : तसंच. अगदी तसंच पायजे मना. कमी नको नि जास्त पण नको.

त्रिंबकपंत : काय कुजबुजताय? देवराम, ती मला विचारत असेल रे. एकुलता एक मी. तिच्या तोंडात पाणी घालायला दुसरं कोणी नाही. पुढचे येतील ना? निरोप गेलाय ना त्यांना?

देवराम : निरोप मीच न्यायचा होता.

त्रिंबकपंत : मग?

देवराम : नाय नेला.

त्रिंबकपंत : म्हणजे कोणीच येणार नाही? अरे, ही वाट गुराख्यांचीसुद्धा नाही! मी सरपटत जाऊ का जव्हारला? नवशा, तू तरी सांग याला. मोठी पंचाईत केलीत रे माझी.

देवराम : पंचाईत नाय, पंत. पाहुणे कुठं आलेत?

त्रिंबकपंत : अडचणीत आहे मी! माणसाची अडचण माणसाने नाही ओळखायची तर...

देवराम : धोंडा हाय. सरकवा.

त्रिंबकपंत : संकट रे! संकट आहे माझ्यावर. माझी आई मरतेय आणि मला तिच्यापाशी जाता येत नाहीये. आणखी काय म्हणू? तुझ्या पाया पडतो.

देवराम : आता बरोबर बोललात. हाच शब्द.

त्रिंबकपंत : मग उचल ना!

देवराम : शब्द बरोबर आला म्हणून कोण उचलतं, पंत? मी त्या दिवशी रडत होतो तुमच्यासमोर. रडण्याला कुठला शब्द लागत होता? नवशा, पाण्याचा भोपळा ठेव त्यांच्याजवळ. तहान लागली तर त्रास व्हायला नको. चल.

(दोघे ओढ्याच्या दिशेने उतरू लागतात.)

नवशा : दाजी, तो हाका मारतोय.

देवराम : कुणाला?

नवशा : तुला. नाव घेऊन.

देवराम : गौरा पण माझंच नाव घेत होती, म्हणालास ना?

नवशा : शेवटपर्यंत.

देवराम : मग जरा हळू चाल. ऐकू येतंय तोवर ऐकू.